पुलावरून भांडण

रक्ततपासणीच्या रांगेत बसलेल्या बाईंना मागच्या बाकावरचं बोलणं ऐकू येत होतं. बोलणारी होती शेजारच्या खोलीत दाखल असलेल्या एका आजारी नगरसेवकाची बायको आणि विरोधी पक्षाचा एक नगरसेवक.

"भाऊजी, आत तुम्ही यांना काय बोललात?"

"लवकर बरे व्हा म्हटलं. आणि पाणीपट्टीच्या वादात तुमचंच बरोबर होतं, असंही."

"तरीच. सकाळी ऑपरेशनला तयार होते, आता नको म्हणतात."

"का?"

"म्हणतात, जन्मभर माझ्या अंगावर धावून येणारा माणूस आज गोड बोलला, म्हणजे माझं काही खरं नाही. डॉक्टर लपवताहेत."

"अहो वहिनी, मी मनापासून बोललो."

"ते मला कळतं. त्यांना सवय नाही ना."

"मग काय करू? आजारी माणसाशी भांडू?"

"पाणीपट्टीवरून नको. तिथं तुम्ही हरलात."

"मग पूल. पुलाचं त्यांचं साफ चुकलंय."

"जा मग. आणि खुर्चीवर बसू नका, उभ्यानंच बोला."

दार लागलं. आतून आधी एक चढा आवाज आला, मग दुसरा, खोकत खोकत. बाईंचा नंबर पुकारला गेला. त्यांनी शेजारच्याला पुढे जायला सांगितलं.

दार उघडलं.

"काय म्हणाले?"

"हाकलून दिलं. म्हणाले, उद्या ऑपरेशन होऊन जाऊ दे, मग सभागृहात बघतो तुझ्याकडे."

"मग झालं की. डोळे कशाला पुसताय?"

"तेच कळत नाहीये, वहिनी."