शुभेच्छुकांची दुसरी ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, माननीय प्राचार्य वेणीमाधव पुजारी सर, व्यासपीठावरील संस्थेचे पदाधिकारी, आज सेवानिवृत्त होत असलेल्या आमच्या विभागप्रमुख डॉ. देवयानी देगावकर मॅडम, त्यांचे कुटुंबीय, माझे सहकारी, आणि मागं दारापर्यंत दाटीवाटीनं उभ्या असलेल्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मला भीती वाटते आहे. माइकची नाही, ती भीड केव्हाच चेपली. पण मॅडमविषयी बोलायचं तर उजनीकाठच्या त्या दुपारविषयी बोलावं लागणार, आणि ती दुपार आठवली की अजून माझे तळहात ओले होतात. अध्यक्षमहोदय, मध्येच रुमाल काढला तर राग मानू नये.

मॅडमनी 'लोकप्रिय संस्कृती' हा विषय सुरू केला, तेव्हा स्टाफरूममध्ये आपण काय कमी हसलो? रिक्षामागची वाक्यं, वरातीतला डीजे, मोबाइलवरची रील, चौकातले वाढदिवसाचे डिजिटल बोर्ड. यात अभ्यास करण्यासारखं ते काय? मॅडम म्हणायच्या, "सुबोध, जे कुणी शिकवत नाही आणि तरी सगळ्यांना येतं, ते येतं कुठून, हे बघायला नको का?" मी मान हलवायचो. पटलेलं नसायचंच.

तर आम्ही बोर्डांचे फोटो काढत हिंडत होतो. मॅडम, मी आणि गाडी चालवायला शिवप्पा. काठावरच्या एका गावात, नाव सांगत नाही, चांगली माणसं आहेत ती, चौकात एका बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचा बोर्ड होता. वर मुकुट घातलेलं बाळ, खाली शुभेच्छुकांच्या फोटोंच्या आणि नावांच्या ओळी. आता मॅडमची एक सवय तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. बोर्डाचा फोटो काढायच्या आधी त्या तो वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचतात, एकेक नाव, एकेक पद. ज्याचा फोटो घ्यायचा त्याचं नाव आधी घ्यायचं, हा त्यांचा नियम. उन्हात उभं राहून मी मनातल्या मनात चरफडत होतो.

त्यांचं वाचून झालं, कॅमेरा वर गेला, आणि मागून आवाज आला, "ओ बाई, पोराचा फोटू कशाला काडताय?"

मी वळून बघितलं तर चौक भरला होता. आम्हाला काय माहीत, त्याच सकाळी गावातल्या प्रत्येक मोबाइलवर मेसेज फिरला होता की पांढऱ्या गाडीतून एक बाई आणि एक माणूस येतात, लहान मुलांचे फोटो काढतात आणि मुलं पळवतात. आमची गाडी पांढरी. काय सांगणार होतो आम्ही? संस्कृतीचा अभ्यास करतोय म्हणून?

"कुटनं आलाय? हितं काय काम हाय तुमचं?" "डिकी उगडा!" "सोडू नगा रे त्यास्नी!" शिवप्पाला कुणीतरी ओढून बाहेर काढलं, त्याचा शर्ट टर्रकन फाटला. माझी कॉलर दोन हातांत होती. समोरच्या माणसाच्या हातात दगड होता आणि तो माणूस माझ्याकडे बघत नव्हता, नुसता माझ्या दिशेनं बघत होता. मित्रहो, इतका मी आयुष्यात कधी भ्यालो नाही. लेकीचा चेहरासुद्धा आठवेना.

आणि मॅडम त्या दगडवाल्याला म्हणाल्या, "कोंडीबा, दुसऱ्या ओळीत आहात ना तुम्ही? काळा चष्मा लावलेला फोटो. कुठं काढला हो तो?"

तो माणूस थबकला. त्याचा मोकळा हात डोळ्यांपाशी गेला. "नातेपुत्याला," तो म्हणाला. "मेव्हण्याच्या लग्नात." दगड हातात तसाच.

"आणि तुम्ही अजिंक्य, त्यांच्या शेजारचे. फेटा छान दिसतोय." माझ्या कॉलरवरचा एक हात सुटला. मॅडम नावं घेत गेल्या. आवाज कापत होता त्यांचा, मी शेजारीच होतो, पण थांबल्या नाहीत. मध्येच एक म्हातारा ओरडला, "मी पोराचा सख्खा चुलत आजा हाय, माझा फोटू न्हाईच टाकला!" त्यावरून तिथं भावकीतच जुंपली. तेवढ्यात बाळाची आजी, बजाबाई, नातवाला कडेवर घेऊन आली आणि कोंडीबाला म्हणाली, "आरं टाक की तो धोंडा. वाढदिस हाय का काय हाय?"

तेव्हा कुठं तो दगड खाली पडला. तिनं आम्हाला घरी नेऊन शिरा वाढला.

आम्ही परत निघालो. शिवप्पानं फाटक्या शर्टावर माझा टॉवेल पांघरला होता. मी विचारलं, "मॅडम, बोर्ड वाचला नसता तर?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मेसेज त्यांचाच होता आणि बोर्डही त्यांचाच. आपण बोर्डापर्यंत आलो होतो. मेसेजचा अभ्यास अजून कुठं केलाय?"

हे आज का सांगतोय? जूनपासून तो विषय माझ्याकडे येतो आहे. आणि गेल्या आठवड्यात आपल्याच स्टाफच्या ग्रुपवर तसाच मेसेज आला. शहर आपलं, गाडी पांढरीच. मला सगळं माहीत असूनही मी लेकीच्या शाळेत फोन केला, आणि पुढं पाठवायला अंगठा कधी टेकला ते कळलं नाही. न पाठवता उचलला. पण मला त्या दगडाचं वजन कळलं. मला आता जमावाची जितकी भीती वाटते, तितकीच माझी वाटते.

मॅडम, बाहेर गेटवर मुलांनी तुमचा बोर्ड लावला आहे. दुसऱ्या ओळीत मी आहे. येताना मी तो वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचला, वॉचमन बघत राहिला. विषय मी शिकवीन. भीत भीत शिकवीन, पण शिकवीन. तुम्ही एवढंच करा. उद्या कुठल्या गर्दीत मी दिसलो आणि माझी नजर ओळखीची वाटली नाही, तर मला नावानं हाक मारा.

बोलायची संधी दिलीत, माझा कापरा आवाज सांभाळून घेतलात, सर्वांचा ऋणी आहे. भीतीच्या भरात व्यासपीठावरच्या कुणाचा नामोल्लेख राहून गेला असेल, तर आज तरी मोठ्या मनानं क्षमा करावी. नमस्कार.