मंगळावरच्या यानाचं दुःखद निधन

वहिनी, मंडळातले भाऊ-बहिणी अन् माझ्या पोट्टे-पोट्ट्यांनो, एवढ्या उन्हात तुम्ही सारे दिगंबरभाऊच्या शोकसभेले आले. मी आपल्या रायपूरच्या मराठी मंडळाचा सचिव, म्हणून मले बोलायले सांगितलं. अध्यक्षांनी खुर्ची दिली, पण बसवत नाही. उभंही राहवत नाही. तरी बोलतो.

आपला दिगंबरभाऊ रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झाला. रिटायर झाल्यावर लोक तीर्थाले जातात. हा गेला मंगळावर! मंगळाच्या मातीवर परदेशी लोकांनी पाठवलेलं एक चाकांचं यान फिरत होतं, आत माणूस नाही काही नाही. त्याची इंग्रजी बातमी हा मोबाइलवर वाचायचा अन् सकाळी मंडळाच्या दारातल्या फळ्यावर मराठीत लिहायचा. "आज यान बारा पावलं चाललं. एका मोठ्या गोट्यापाशी थांबलं." मीटर नाही, पावलं! आपले हिंदी बोलणारे पोट्टे-पोट्ट्या त्यापायी मराठी वाचायले लागले. "दादाजी, आज कितना चला?" म्हणत हॉलमध्ये तितकी पावलं टाकायचे. सांगा मले, आपल्या रविवारच्या मराठी वर्गाले हे कधी जमलं होतं काय?

मग तिकडे धुळीचं वादळ उठलं. ऊन मिळेना, यानाची बॅटरी उतरली, बोलणं बंद. भाऊ फळ्यावर लिहायचा, "आज निरोप नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आज निरोप नाही." महिना गेला, दोन महिने गेले. गणपती तोंडावर आले, अन् मले कार्यक्रम लिहायले फळा पाहिजे होता. मी म्हटलं, "अरे भाऊ, मेलं ना ते!" तो ऐकेना. तर मी काय केलं? आपण कोणी गेलं की लिहितो ना, तसंच लिहिलं. वर "दुःखद निधन", खाली यानाचं नाव, त्याखाली "समस्त मंडळ शोकाकुल". सारे हसले. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो.

भाऊ आला. चप्पल न काढता दारातच वाचलं. म्हणे, "शरद, निरोप आला नाही म्हणून त्याले ऐकूच येत नाही, असं कोणी सांगितलं तुले? ते पाठवणारी माणसं अजून हाका मारून राहिली त्याले." अन् गेला. पुन्हा मंडळात आला नाही.

हिवाळ्यात ते पाठवणाऱ्या लोकांनीच जाहीर केलं, यान संपलं म्हणून. अन् मले काय झालं सांगू? आनंद! वाटलं, आता येईल हा, म्हणेल, शरद, तुझंच खरं. मी काहून जाऊ? रुसला तो, त्यानंच यावं. रायपूर राजधानी झालं, रस्ते रुंद झाले. माझ्या ब्राह्मणपाऱ्यातून त्याची समता कॉलोनी स्कूटरनं दहा मिनिटं. दहा मिनिटं, बाप्पा! गणपतीपासून आठ महिने मी गेलो नाही. गेल्या सोमवारी गेलो, तर त्याले अंगणात खाली ठेवलं होतं.

काल वहिनींपाशी बसलो. वाटलं, तोडून बोलतील. तर त्या म्हणाल्या, "भाऊजी, रोज चहाच्या वेळी विचारायचे, शरदचा फोन आला काय? मी म्हणायची, तुम्हीच लावा ना. तर म्हणायचे, एकदा नुसतं चुकलो म्हणू दे त्याले, मी धावत जातो."

ऐकलं? लोखंडाच्या यानाले त्या परक्या लोकांनी कित्येक महिने हाका मारल्या. मी माझ्या जित्या मित्राले एक नाही मारली. माझा ताठा! काय करू मी आता त्या ताठ्याचं?

आता आपण दोन मिनिटं उभं राहू. पण थांबा. गप्प व्हायच्या आधी मले बोलू द्या, नाहीतर हेही राहून जाईल.

दिगंबरभाऊ, चुकलो. चुकलो रे मी.

धावत येतो म्हणाला होता ना तू?

उठा, सारे उभे राहा. मले एकट्याले हे जमणार नाही.