काटा वीस घरं गेला

(पारनेर रस्त्यावरचं दुष्काळी काम. दुपारची सुट्टी. खडीच्या ढिगापाशी आसाराम आणि त्याची बायको मनकर्णा. समोर नगरहून आलेला गोरक्ष.)

गोरक्ष : ...म्हणून स्वतः आलो, मिस्त्री. पत्रात लिहिण्यासारखं नव्हतं.

आसाराम : बस की. उन्हात कशाला हुबा? मनकर्णे, हा गोरक्ष. कारखान्यात सहा वरसं माझ्या हाताखाली हुता. मिलिंग मशीन मीच शिकीवली त्याला.

मनकर्णा : ठावं हाय. आता तुमच्याच जागंवर हायती न्हवं?

गोरक्ष : होय, वहिनी. त्याचंच सांगायचंय. ते पंपाचे चाळीस नग मिस्त्रींच्या हातानं बिघडले नाहीत.

आसाराम : आता ते उगाळून काय करायचं? माझ्याच पाळीत नासले. तोंड सपाट येईना. गुण्या लावला, कटर बदलला, तरी एका अंगाला केसभर खोल.

गोरक्ष : मशीनची मान तपासली होती?

आसाराम : मान कशाला तपासू? शनिवारी मीच सरळ लावल्याली, कटर काटकोनात ऱ्हावा म्हून. डायल बांधून, स्पिंडल हातानं फिरवून टेबलाच्या चारी बाजू बघितल्या. काटा जागचा हलला न्हवता.

गोरक्ष : रविवारी मी त्याच मशीनवर जादा पाळीला होतो. एकटाच. घाईत टेबल दामटलं आणि वाईस थेट स्पिंडलवर जाऊन आदळला. मान हलली. मी ती नजरेनंच सरळ केली, बोल्ट आवळले आणि घरी गेलो.

आसाराम : डायल न्हाई लावली?

गोरक्ष : नाही. सकाळी तुम्हाला सांगू म्हटलं. आलो तर तुमचे दहा नग झालेले, फोरमन डोक्यावर उभा. माझं तोंडच उघडेना.

आसाराम : चाळीस हुईस्तवर?

गोरक्ष : होय.

मनकर्णा : आन ह्यांना काढलं तवा?

गोरक्ष : तेव्हाही गप्पच. त्याच्या पुढचं जास्त वाईट आहे, वहिनी. मिस्त्री गेले त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डायल लावली. काटा वीस घरं गेला. मान नीट बसवली. दुपारी माझे नग चोख निघाले. फोरमन सगळ्यांना म्हणाला, बघा, मशीन तीच, हात बदलला.

आसाराम : कारखान्यातल्या बन्सीनं सांगितलं हुतं मला. तवाच पटलं.

गोरक्ष : काय पटलं?

आसाराम : हेच, की माझा हात गेला, कसब सरलं. पन्नाशी आली, व्हत असंल. संगमनेरहून एका वर्कशॉपचं बोलावनं आल्तं. गेलो न्हाई. लोकांचा माल कशाला नासवायचा? खडी वाकडी फुटली तर कोन काय म्हनत न्हाई.

गोरक्ष : मला वाटायचं, तुम्हाला दुसरीकडं काम मिळालं असेल. तसं वाटून घेत होतो. परवा बन्सी म्हणाला, आसाराम पारनेर रस्त्यावर खडी फोडतोय. काल फोरमनला सगळं सांगितलं.

आसाराम : मग?

गोरक्ष : मला ड्रिलवर टाकलं. तुम्हाला सोमवारी बोलावलंय. ही चिठ्ठी.

आसाराम : पाच महिनं, गोरक्ष.

गोरक्ष : आज सांगू, उद्या सांगू करत गेलो. पोरं मलाही मिस्त्री म्हणायला लागली. मग तर जीभच रेटेना.

आसाराम : मान लावताना मागची-पुढची बाजूबी बघितली?

गोरक्ष : बघितली.

आसाराम : बोल्ट आवळल्यावर पुन्ना?

गोरक्ष : पुन्हा. तुम्हीच शिकवलंत.

आसाराम : शिकीवलं खरं.

गोरक्ष : माफ करा म्हणायला तोंड नाही मला.

आसाराम : मग म्हनू नको. सोमवारी येतो मी. मशीनचं काय आडलं तर इचार. दुसरं काय बोलाय येऊ नको, लई दिवस.

गोरक्ष : बरं. वहिनी, तुम्ही मला काहीच बोलला नाहीत.

मनकर्णा : तुमाला काय बोलू? मला ह्यांनाच सांगायचं हाय. अवो, ह्या पाच महिन्यांत कंदिलाची काच मी एकदाबी तुमच्या हातात दिली न्हाई. फुटंल म्हून.