तसबिरीमागची बोट

...अन् वर मलाच म्हणत्यात, संघपाल, तू अख्ख्या तालुक्याला तसबिरी फोडाय लावल्यास. आता सांगा, मी लावल्या व्हय? इंदापूरच्या स्टँडाशेजारी आपलं फ्रेमचं दुकान. माझं काम काय? काच बसवायची. मागनं काय निघावं ह्ये माझ्या हातात हाय का?

तुमाला सांगतो, चौऱ्याण्णव साल आसंल. शालनआत्या आली. नात्यानं आत्या न्हाय, मूळची पिंपळीची, आता करुणाकडं, म्हंजी लेकीकडं, हितंच ऱ्हाती, अन् सगळा स्टँड तिला आत्याच म्हणतो. बुद्धाच्या तसबिरीची काच मांजरानं पाडली, म्हणली, नवी बसव. बसवतो की. मागचं खिळं काढलं, तर पुठ्ठ्याच्या जागी भसाभसा कार्डं! रंगीत, गुळगुळीत... कुठं उंट, कुठं समिंदर, कुठं गोऱ्या लोकांचं हाटेल, अन् पाठीवर पिंपळीचा पत्ता, आत्याच्या आईच्या नावचा. आत्या बघतच ऱ्हायली. मग म्हणली, "माझा बा धाडत हुता म्हणं, येडन बंदरावरनं, आरबांच्या मुलखातनं. मी आईच्या पोटात हुते तवा पलटणीत गेला, त्यो गेलाच." आईला वाचता येत नव्हतं, तिनं जपून मागं दडवली, अन् कुठं ठिवली ह्ये लेकीला सांगायचं ऱ्हाऊनच गेलं आसंल.

त्यात सोलापूरची यष्टी आमच्या म्होरंच पंक्चर. त्यातला एक चष्मेवाला पुण्याचा साहेब सरबत पीत दुकानात डोकावला, अन् कार्डं बघून गिलास तसाच हातात. खिशातनं भिंग काढलं. खिशात भिंग घिऊन कोण फिरतं वो? ही कुणाची म्हणून इचाराय लागला. मला वाटलं, आता चोरीचा आळ येतोय. म्हणलं, साहेब, माझं काम काय, काच बसवायची, मालकीण ह्या बाकड्यावर बसल्यात.

तर त्या साहेबाचा धंदाच ह्यो, आसली जुनी कार्डं घ्यायची अन् शौकीन लोकांस्नी इकायची. त्यानं भाव सांगितला, अन् मी खिळ्यांच्या डब्यावरच बसलो. तरी उठून घासाघीस केली, आत्याच्या वतीनं, घसा बसंस्तवर. आत्या म्हणली, उंट न्या, हाटेल न्या, मला काय करायचंय उंटाचं, करुणाच्या सैपाकघरावर पत्रं तरी पडत्याल. समदी गेली. ऱ्हायलं एक. बोटीवर उभं ऱ्हायलेलं पटकेवालं शिपाई, दाटीवाटीनं. अन् साहेबाला नेमकं त्येच पायजे! बाकी समद्यांचं मिळून दिलं तेवढं ह्या एकाचं देतो म्हणाला.

आत्यानं त्याच्या हातनं भिंग घेतलं. लई येळ बघितलं. मग बोट ठिवलं.

"ह्यो. ह्यो माझा बा."

"कशावरनं?" साहेबानं इचारलं.

"कान बघा," म्हणली, अन् डोईवरचा पदर मागं सारला.

आता तुमाला सांगतो, ज्वारीच्या दाण्यायवढी तोंडं, वर पटकं, कान दिसायचं कुठनं? पर साहेबानं कार्ड बघितलं, आत्याचा कान बघितला, भिंग खिशात घातलं अन् म्हणाला, ऱ्हाऊ द्या मावशी. ड्रायव्हरनं हारन मारला, गेला.

कार्डाला सोनेरी पट्टीची फ्रेम केली. आत्या म्हणली, हितंच टांग. "लई वरसं तोंड दाबून बसलाय. बघू दे त्येला जरा यष्ट्या."

मग झाली की बोंबाबोंब. लोक बैलगाडीतनं तसबिरी आणाय लागलं. संघपाल, मागं बघ. बघितलं, तर झुरळं, जुनी कॅलेंडरं. कोणी कोपरा फाडलेली मयताची पिवळी कार्डं घिऊन आलं. वडगाव निंबाळकरच्या दादासोनं तर सवताच्या लग्नाचा फोटो आणला, ज्याला पुठ्ठा मीच लावल्याला! आरं बाबा, माझं काम काय, काच बसवायची...

अन् मग भागूबाई आली. तिचा चुलता म्हणं मेंढरं सोडून पळाला त्यो घावलाच न्हाय, पलटणीत गेला आसंल. तिनं कार्ड बघितलं अन् बोट ठिवलं, कुठं? आत्याच्या बापावर! म्हणली, ह्योच आमचा चुलता. मला घाम. दोन म्हाताऱ्या, एक शिपाई, अन् दुकान सगळं काचंचं. भागूबाईच्या डोळ्याला पाणी आलेलं आत्यानं बघितलं. मग हळूच म्हणली, "भागूबाई, त्यो माझा हाय. तुझा शेजारचा आसंल. नीट बघ, आंगकाठी तुमचीच हाय."

भागूबाईनं नीट बघितलं, अन् पटलं की वो! लुगड्याच्या पदरानं काच पुसली, अन् दोघी मिळून च्या प्यायल्या, माझ्या खात्यावर.

तवापासनं आत्या दुपारची बाकड्यावर. ज्येचं कोण हरावलंय त्यो येतो, आत्या भिंगातनं बघती, ज्येला त्येला आपापला माणूस दावती. भिंग बी मीच आणून दिलं, काय करता. दिवाळीपतुर निम्मी बोट वाटून झाली.

उन्हाळ्यात साहेब परत आला, भाव वाढवून. आत्या म्हणली, मला नगा इचारू, हितल्या समद्यांच्या घरच्यांस्नी इचारा. मग साहेब माझ्याकडं वळला. संघपालराव, तुमी तरी समजावा.

म्हणलं, साहेब, न्हाय जमायचं. त्यो कठड्याला टेकल्याला, फेंदारल्या नाकाचा दिसतोय का? त्यो माझा आजा हाय. आमच्यात पलटणीत कोण गेल्याचं ऐकलं न्हाय मी. पर आत्यानं काचंचं पैसं दिलं न्हाईत... आजा दिला.