तेवीस नंबर, हजर

सर : अहो बाई, पण तोंडी हजेरी घ्यायला तुम्हाला सांगितलं कुणी?

बाई : कुणी नाही. वीज गेली, पडदा काळा झाला आणि एकाहत्तर पोरं माझ्या तोंडाकडे बघत बसली. मग खिडक्या उघडल्या, कपाटातलं जुनं हजेरीपत्रक काढलं आणि केली सुरुवात. चार महिन्यांनी त्यांची तोंडं उजेडात पाहिली हो मी. एकाला तर मिसरूड फुटलंय.

सर : परिपत्रक वाचलंत ना? तोंडी हजेरीत आठ मिनिटं वाया जातात.

बाई : गेली वाया, कबूल. पण तेवीस नंबर पुकारला तेव्हा कुणी 'हजर' म्हणालं नाही. ते सांगायला आलेय.

सर : पाणी प्यायला गेली असेल.

बाई : सतरा दिवस?

सर : कोण आहे ही तेवीस नंबर?

बाई : आपली भिंगरी. गेल्या वर्षी तुमच्या दारासमोर कोलांटी मारून कुंडी फोडली होती, ती.

सर : हां, ती होय. थांबा, लॅपटॉपला थोडी बॅटरी आहे अजून. हे बघा. आठवी, तेवीस नंबर. आज सकाळी सात वाजून चार मिनिटं, हजर. काल सात चार, हजर. परवा सात चार. झालं समाधान?

बाई : रोज सात चार? जी पोरगी जन्मात कधी वेळेवर आली नाही, ती?

सर : लागली असेल शिस्त. पेपरात उगाच नाही छापून आलं. शंभर टक्के उपस्थिती, बाई. जिल्ह्यात एकटी आपली शाळा.

बाई : पाहिला तो फोटो. एका बाजूला तुम्ही, एका बाजूला ते फाटकावरचं हजेरीचं मशीन. पोर एकही नव्हतं त्यात. बरं, चोवीस नंबर बघा जरा.

सर : सात चार.

बाई : आणि तीस?

सर : सात... चार.

बाई : खाली या अजून. काय, सगळी सात चार? सर, आपल्या फाटकातून एका वेळी दोन पोरं धड आत येत नाहीत. एका मिनिटात ही एवढी कुठून घुसली? म्हशींना पण जास्त वेळ लागतो.

सर : मामा! अहो मामा! जरा आत या. फाटकावर सात वाजून चार मिनिटांनी काय होतं?

मामा : काय व्हायचंय, सर? बटण दाबतो मी.

सर : कसलं बटण?

मामा : तुम्हीच दाखवलंत की. सकाळचं ऊन समोरून येतं, यंत्राला तोंडं ओळखू येत नाहीत. रांग पार रस्त्यावर जायची, गाड्या अंगावर यायच्या. मग तुम्ही म्हणालात, 'उरलेले सर्व हजर' असं एक बटण आहे, ते दाबत जा. सकाळी ते दाबतो आणि सुटताना 'सर्व बाहेर' दाबतो. वीज नसली तरी यंत्र चालतं, त्याला बॅटरी आहे.

सर : अहो, ते पहिल्या आठवड्यापुरतं होतं!

मामा : आता थांबवा, असं कुणी बोललं नाही मला. आणि मी विचारलं होतं हं सर, जी पोरं येतच नाहीत त्यांचं काय? तुम्ही म्हणालात, ते वर्गात बाई बघतील.

बाई : आणि मला परिपत्रक धाडलंत, की हजेरी आता मशीन बघेल. म्हणजे बघायला कुणीच नव्हतं.

सर : बाई, टोमणे नंतर मारा.

बाई : टोमणा फक्त तुम्हाला नाही, मलाही आहे. मी तरी कुठली शहाणी? दोन तुकड्या एका खोलीत कोंबल्या, पडद्यासाठी दिवे बंद, खिडक्या बंद. अंधारात बसून मी पण धडा बघते पोरांबरोबर. आणि परवाची ती प्रगतिपत्रकं! शेरे सगळे कॉम्प्युटरने लिहिलेले. भिंगरीचा आत्ता काढून वाचला. 'वर्गातील चर्चेत उत्साहाने भाग घेते.' खाली माझी सही आहे, सर. न वाचता ठोकलेली. लाज वाटली हो मला.

सर : बसा. आधी बसा तुम्ही. पोरांना विचारलंत काही?

बाई : विचारायला लागलंच नाही. तिची ती जाडी मैत्रीण रडायलाच लागली. चाचणी झाल्यापासून भिंगरी रोज गणवेश घालून यांच्याबरोबरच निघते. पुलाच्या कोपऱ्यावर एक पांढरी गाडी उभी असते. 'तुम्ही व्हा पुढे,' म्हणते आणि गाडीत बसते. शाळा सुटायच्या वेळी परत कोपऱ्यावर हजर. मोबाइलवर कुणी एक ताई भेटलीय, ती नोकरी देणार आहे, आईला सांगायचं नाही. तेरा वर्षांच्या पोरीला कसली नोकरी देतात हो?

सर : पण रोज घरी परत जाते ना? मग आजही जाईल. आपण दुपारी शांतपणे...

बाई : आज गणवेश नव्हता अंगावर. दप्तर पण नव्हतं, कपड्यांची बॅग होती. आणि कंपासपेटी मैत्रिणीला देऊन टाकली. 'मला आता लागणार नाही,' म्हणाली.

मामा : अरे देवा.

सर : बाई, उद्या समिती येतेय. पुरस्काराची.

बाई : येऊ दे.

सर : तसं नाही हो. मी काय राक्षस आहे का? मलाही दोन मुली आहेत. पण नीट विचार करा. सतरा दिवस ते बटण दाबलं की त्या आईला आपला मेसेज जातोय, 'आपला पाल्य शाळेत सुखरूप पोहोचला आहे.' आता कुठल्या तोंडाने सांगणार तिला?

बाई : ह्याच तोंडाने. दुसरं कुठून आणू? आईला मी करते फोन, पोलिसांना तुम्ही करा. आत्ता. तुमची समिती गेली खड्ड्यात.

सर : आई असते कुठे?

बाई : इस्पितळाच्या धुलाईघरात. कामाच्या वेळात फोन खणात ठेवायला लावतात. आता जेवणाच्या सुट्टीत काढला असेल तर लागेल. हां, वाजतोय.

मामा : बाई, साडेबारा होत आले. घंटेची वेळ झाली.

बाई : अहो, मग द्या ना घंटा! इथे जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही घंटा घेऊन बसलात. जा, काय ते रोजचं उरका आणि लगेच परत या.

मामा : बरं, जातो.

बाई : उचलला. सर, स्पीकरवर टाकते. हॅलो? मी भिंगरीची वर्गशिक्षिका बोलतेय, शाळेतून.

आई : बोला ना, बाई. जरा मोठ्याने बोला, इकडे मशीनचा आवाज आहे. काय, परत काही फोडलं का तिने?

बाई : नाही हो, काही नाही फोडलं. ताई, सकाळी भिंगरी निघाली तेव्हा तुम्ही घरी होतात?

आई : मी कुठली! मी पहाटे पाचलाच बाहेर पडते. पण ती आलीय शाळेत, मेसेज आला ना तुमचा. खरं सांगू बाई, त्या मेसेजचा फार आधार आहे मला. आधी दिवसभर जीव थाऱ्यावर नसायचा. एकटी पोर, वय हे असं. आता सकाळी मेसेज वाचला की फोन खणात टाकते आणि निवांत कामाला लागते.

बाई : ताई, ऐका. जरा खाली बसा. भिंगरी आज शाळेत आलेली नाही.

आई : आली नाही? असं कसं म्हणता? सात चारचा मेसेज आहे माझ्याकडे.

बाई : तो खोटा होता. आमची चूक झाली. आजचा पण आणि त्याच्या आधीचे...

(बाहेर शाळा सुटल्याची घंटा होते.)

आई : थांबा, थांबा. काय हो बाई, केवढं घाबरवलंत मला! आत्ता आला बघा, शाळेचाच मेसेज. 'आपला पाल्य शाळेतून सुखरूप बाहेर पडला आहे.' निघाली ती. पोहोचेलच आता घरी.