सव्वादोन, अडीच, पावणेतीन

अहो, वाढतो म्हणजे हातच वाढतो! बेचाळिसाव्या वर्षी! मी लिहून ठेवलंय ना! तुम्हाला सांगते, मुलाच्या अंकलिपीवरून अक्षरं शिकले तेव्हापासून दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेला हो, बांगड्या भरल्या की वहीत माप टाकते... एकोणीसशे तीस साली सव्वादोन, बत्तीसला अडीच, चौतीसला पावणेतीन! पिंप्राळ्याला आमच्या दारी येणारी रईसा बांगडीवाली साबण लावून लावून दमली. "अक्का, कुछ भी बोलो, हाथ बढ़ा है!" आणि शेजारच्या बेबाबाई? "सुख लागनं तुले, माय!" सुख? नाक पसरलं, जोडवी कापून काढली, दाराआडून 'कोण आहे' विचारलं तर पोस्टमन 'रामराम भाऊ' म्हणतो... हे सुख?

जळगावचे डॉक्टर म्हणाले, "बाई, या वयात अंग भरतंच." अंग भरेल हो, पण अंगठा? मी लिहून ठेवलंय ना! वही उघडलीसुद्धा नाही त्यांनी. मग एक दिवस बाजूने येणारी म्हैस दिसेना, धडकल्यावरच दिसली, तेव्हा कुठे आमचे हे घाबरले आणि सर्व्हिस मोटारीत घालून मला धुळ्याला नेलं. तिथले डॉक्टर वही वाचतच बसले... चष्मा काढून म्हणाले, "कमलबाई, हे आधी कोणी वाचलं नाही?" नाकाच्या मुळामागे, मेंदूच्या खाली, हरभऱ्याएवढी ग्रंथी असते म्हणे. तिच्यात गाठ झाली की हाडामांसाला वाढायचा हुकूम सुटतो, आणि वर डोळ्यांची नस दबते. हरभऱ्याएवढी! मी भ्यायचं सोडून विचारलं, "तिला कसं कळतं हो, अंगठा कुठे आहे ते?" म्हणाले, "ते आम्हालाही पुरतं ठाऊक नाही." तेही लिहून ठेवलं!

मुंबईला महिनाभर डोक्यावर क्ष-किरण दिले. केस गेले, पण म्हैस दिसायला लागली! हाड तेवढंच राहिलं, मांस उतरलं, बांगडी परत अडीच. बरी झाली, बरी झाली, सगळे म्हणाले... आणि यंदा, तीन वर्षांनी, अडीचची अंगठ्याशी अडली! "साबण कमी पडला असेल," आमचे हे. अहो, मी लिहून ठेवलंय ना, मागच्या वर्षी बिनसाबणाची गेली होती! तडक धुळं गाठलं. डॉक्टरांनी माझ्या कानापासून नाकापर्यंत बोट फिरवून नजर तपासली. "गाठ परत वाढतेय. पण वेळेवर आलात, डोळे वाचतील. पुन्हा किरण घ्या." म्हटलं, "आणि त्यानंतरही परत आली तर? कळणार कसं?" तर म्हणतात, "तुमच्या बांगडीवालीइतकं लवकर आम्हाला नाही कळायचं. दर महिन्याला तिलाच हात दाखवत जा!"

झालं! हे रईसाला सांगितलं मात्र... परवा आली, टोपली ओट्यावर ठेवली, माझं मनगट धरलं, डोळे मिटले, आणि म्हणते, "अक्का, ज़बान दिखाव!"

दाखवली. करता काय?