शेवटचं शटल

आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धेच्या तिकिटांची रांग जुन्या विजेत्यांच्या फोटोंखालून सरकत होती. पुढे उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्या बहिणींचं बोलणं कानावर पडलं आणि मागच्या नर्सबाईंनी कान टवकारले.

“ताई, हा बघ माझा फोटो. फायनलला तुला हरवलं तेव्हाचा.”

“छान आलाय.”

“ते शेवटचं शटल तू मुद्दाम सोडलंस ना?”

“बाहेर जाईल असं वाटलं गं.”

“तुला? लाइनवरचं शटल तू झोपेतही ओळखायचीस!”

“चुकतं माणूस.”

“मग बाबा तुझ्याशी महिनाभर का बोलले नाहीत?”

“हरले म्हणून.”

“शपथ घे.”

“आईची शपथ.”

“आई कधीच गेली, तिचं आता काय बिघडणार? माझी घे.”

नर्सबाई आणखी पुढे झुकल्या.

“रांग सरकली बघ. चल पुढे.”